आधी थांबवा, मग उतरवा : ड्रोन न उलटता जमिनीवर कसा टेकवायचा

  

आज ड्रोनबद्दल बोलायचं आहे. ड्रोन आता आपल्या गटांसाठी नवलाचा राहिलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. देशातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये सरकारने द्यायचे आणि उरलेल्यासाठी गटाने कर्ज काढायचं, असं तिचं स्वरूप. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण, त्यातले पाच दिवस ड्रोन उडवण्याचे आणि दहा दिवस खत-औषध फवारणीचे. काही गटांना ड्रोन मिळाले, काहींनी दुसऱ्या मार्गाने घेतले, आणि पुष्कळ घरांत मुलांनी हौसेने घेतलेला छोटा ड्रोनही आता दिसतो.

ड्रोन उडताना सगळे बघतात, व्हिडिओ काढतात. पण तो उतरताना काय होतं त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. ड्रोन वर असताना यंत्र बरंचसं आपलं आपण सांभाळतं. जमीन जवळ आली की मात्र आपल्या हातांची परीक्षा असते. आमच्या गटाने हा धडा पैसे मोजून घेतला. तो तुम्हाला फुकटात मिळावा म्हणून आज सांगते.

त्या संध्याकाळी काय झालं

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. सोयाबीनवर अळी पडायचा काळ, सगळ्यांना फवारणीची घाई. आमच्या गटातली ड्रोन चालवणारी ताई सकाळपासून रानात होती. शेवटचं शेत नाल्याकडचं, जमीन नाल्याच्या बाजूला उतरती. दिवस मावळतीला आलेला, बांधावर पाच-सहा माणसं बघत उभी. टाकी रिकामी झाली आणि तेवढ्यात रिमोटवर बॅटरी कमी असल्याचा आवाज सुरू झाला.

ताईने घाईने ड्रोन बांधाजवळच्या मोकळ्या पट्टीवर आणला. तो पुढे सरकत असतानाच खाली घेतला. डावा पाय आधी टेकला आणि ढेकळात अडकला. ड्रोन कलला. ताई घाबरली. तिने तो सावरायला दांडी उजवीकडे ढकलली, मग वर उचलायला बघितलं. एका क्षणात ड्रोन डाव्या अंगावर उलटला आणि पाती जमिनीवर आपटून तुटली. एक हात मोडला.

नऊ दिवस ड्रोन बंद. ठरलेल्या फवारण्या दुसऱ्याकडे गेल्या. तुटफुटीच्या विम्याची मुदत संपलेली होती आणि तो पुन्हा काढायचं माझ्याकडून राहिलं होतं, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च गटाच्या खात्यातून गेला. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. पण या सगळ्यापेक्षा मला लागलं ते वेगळंच. बांधावरचा एक जण म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, हे बायकांचं काम नाही." आणि ताईने रिमोट माझ्या हातात देऊन सांगितलं, "आता मी नाही उडवणार."

मी बी.ए. झालेली, यंत्रातलं मला काही कळत नव्हतं. पण ताईचं नेमकं चुकलं कुठे, हे समजल्याशिवाय तिला परत उभं करता येणार नव्हतं. म्हणून मी प्रशिक्षकांना विचारलं, दुरुस्ती करणाऱ्या मुलाजवळ बसले, आणि भाच्याचा छोटा ड्रोन घेऊन स्वतः शिकले. जे कळलं ते असं.

ड्रोन उलटतो का?

ड्रोनला चाकं नाहीत, सुकाणू नाही. मग तो डावीकडे-उजवीकडे जातो कसा? कलून. उजवीकडे जायचं असलं की डाव्या बाजूचे पंखे जोरात फिरतात, ड्रोन उजवीकडे कलतो आणि तिकडे सरकतो. हवेत हे ठीक आहे. पण एक पाय जमिनीवर टेकलेला असताना कलणं म्हणजेच उलटणं. टेकलेला पाय खुंटीसारखा होतो आणि सगळा ड्रोन त्याच्याभोवती फिरतो. बैलगाडीचं एक चाक दगडाला अडलं आणि बैलांनी जोर केला तर गाडी जशी कलंडते, तसंच.

म्हणून त्या संध्याकाळी दोन गोष्टी नडल्या. पहिली, ड्रोन आडवा सरकत असताना टेकला. दुसरी, टेकल्यावर त्याला बाजूला ढकललं आणि वर उचलायचा जोर दिला. पाय अडकलेला असताना दिलेला जोर उचलायच्या कामी येत नाही, तो उलटवायच्या कामी येतो.

अजून दोन कारणं आहेत. पंखे हवा खाली ढकलतात. जमीन जवळ आली की त्या हवेला बाजूला जायला वेळ मिळत नाही आणि ड्रोनखाली हवेची गादी तयार होते. छोटा ड्रोन जमिनीपासून वीतभर-हातभर अंतरावर आला की तरंगायला लागतो, खाली बसतच नाही, इकडेतिकडे घसरतो. तिथे त्याला रेंगाळू दिलं की बिघडलंच. आणि उलट, फार वरून सरळ खाली वेगाने आणला तर तो स्वतःच ढवळलेल्या हवेत शिरतो. पंख्यांना धड पकड मिळत नाही, ड्रोन हेलकावे खातो आणि आपटतो.

आता हंड्याचं उदाहरण घ्या. डोक्यावर भरलेला हंडा असताना आपण चालता चालता तो खाली ठेवतो का? नाही. आधी थांबतो, पाय घट्ट रोवतो, मग गुडघे वाकवून हंडा सावकाश पण एका दमात चुंबळीवर टेकवतो. अर्ध्यात हात थरथरत धरून ठेवत नाही आणि टेकल्यावर हलवत बसत नाही. ड्रोनचंही तेच आहे. आधी थांबवायचा, मग उतरवायचा, टेकला की सोडून द्यायचा.

आधी जागा बघा

उतरवायची जागा उडवायच्या आधी ठरते. बॅटरी ओरडायला लागल्यावर जागा शोधायची नसते.

जागा सपाट हवी. उतारावर एक पाय आधी टेकतो. ड्रोनचं यंत्र स्वतःला सरळ ठेवायला धडपडतं आणि त्या धडपडीतच तो कलंडतो. शेतात सपाट जागा नसेल तर फावड्याने तेवढी जागा सारखी करून घ्या. खळं, सिमेंटचा ओटा, घट्ट झालेला गाडीरस्ता उत्तम. ढेकळं, उंच गवत, तुरीचे धसकट, ओली काळी माती टाळा. काळी माती पायाला धरून ठेवते.

ताडपत्री किंवा जाड चटई अंथरत असाल तर चारही कोपऱ्यांना खुंट्या मारा. सुटी ताडपत्री वाऱ्याने उचलून थेट पात्यांत जाते. कडेला ठेवलेलं सुटं पोतं, ओढणी, कॅरीबॅग याही तिथून उचला.

उंच बांध, भिंत, झाड, विजेचा खांब, तारा यांपासून लांब राहा. भिंतीजवळ पंख्याचा वारा आपटून परत येतो आणि ड्रोनला ओढतो. ट्रॅक्टर, ट्रॉली, लोखंडी पत्रे यांच्या शेजारी उतरवू नका, कारण ड्रोनच्या आतलं होकायंत्र लोखंडाने गोंधळतं आणि ड्रोन एका जागी राहण्याऐवजी गोल गोल फिरायला लागतो.

वाऱ्यासाठी काठीला एक फडका बांधून रोवा. वारा आपल्या पाठीवर येईल असं उभं राहा. यात दोन फायदे आहेत. औषधाचा उरलेला फवारा आपल्या अंगावर येत नाही आणि ड्रोन वाहिलाच तर आपल्यापासून दूर जातो. वाऱ्याने पदर सावरावा लागत असेल तर त्या दिवशी नवख्या बाईने ड्रोन उडवूच नये.

उतरवायचं कसं?

आता पायरीपायरीने सांगते. लिहून घ्यायचं असेल तर वही घ्या.

पहिली पायरी, वेळेत परत या. बॅटरी साधारण ३० टक्के उरली की काम थांबवा. घाईत कुणाचेच हात स्थिर राहत नाहीत.

दुसरी, ड्रोनची शेपटी आपल्याकडे करा. आपण दोघी समोरासमोर उभ्या राहिलो तर माझा उजवा हात तुमच्या डावीकडे येतो. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की तसंच होतं. उजवीकडे ढकललेला ड्रोन आपल्या डावीकडे जातो आणि ऐन वेळी डोकं गोंधळतं. शेपटी आपल्याकडे असली की आपलं उजवं तेच त्याचं उजवं. शेपटीकडच्या हाताला लाल चिकटपट्टी लावून ठेवा, लांबूनही ओळखू येते. फीत बांधू नका, ती पात्यांत अडकते.

तिसरी, जागेच्या बरोबर वर आणून थांबवा. आपल्या डोक्याच्या थोडं वर, दोन मीटरच्या आसपास. तिथे दोन्ही दांड्या मोकळ्या सोडून मनात पाच आकडे मोजा. पाच मोजेपर्यंत ड्रोन एका जागी राहिला तरच खाली घ्या. सरकत असेल तर सावरा आणि पुन्हा पाच मोजा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी.

चौथी, सरळ खाली घ्या. बहुतेक रिमोटवर डावी दांडी वर-खाली करायची असते. ती थोडीशीच खाली ओढा आणि तशीच धरून ठेवा. शेवटचे दोन मीटर यायला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. उजव्या दांडीला अगदी हलका हात. मध्येच हातभर अंतरावर थांबायचं नाही, तिथे हवेची गादी आहे.

पाचवी, पाय टेकले की डावी दांडी पूर्ण खाली ओढा आणि पंखे थांबेपर्यंत सोडू नका. उजव्या दांडीवरचा हात काढूनच घ्या. पंखे फिरते ठेवून "नीट बसला का" असं बघत राहायचं नाही. पंखे चालू असेपर्यंत ड्रोनला वाटतं आपण अजून हवेत आहोत आणि तो जागा धरायला कलतो.

सहावी, पंखे पूर्ण थांबेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही. फवारणीच्या ड्रोनपासून निदान पंधरा-वीस पावलं लांब. लेकरं, शेळ्या, कुत्री यांच्याकडे लक्ष ठेवायला एक बाई वेगळी ठेवा. आणि मुलांनो, छोटा ड्रोन हवेतून हाताने पकडायचा नाही. पातं लहान असलं तरी बोट कापतं.

आणि एक नियम पाठ करून ठेवा. टेकायच्या आधी शंका आली तर वर न्या. टेकल्यावर शंका आली तर बंद करा. याच्या मधलं काही करू नका. आमच्या ताईने टेकल्यावर वर न्यायला बघितलं, तिथे घात झाला.

आपोआप परत येण्याचं बटण

पुष्कळ ड्रोनना घरी परत येण्याचं बटण असतं. ते दाबलं की ड्रोन जिथून उडाला तिथे आपोआप येतो. सोय चांगली आहे, पण साध्या जीपीएसचा अंदाज एक-दोन मीटर इकडेतिकडे होऊ शकतो. तुमची जागा मोकळ्या मैदानात असेल तर फरक पडत नाही. बांधाला लागून असेल तर तेवढ्याने तो बांधावर उतरतो. म्हणून परत येऊ द्या, पण शेवटचे दोन-तीन मीटर आपल्या ताब्यात घ्या. परतीची उंची झाडं आणि तारांच्या वर लावली आहे ना, हे उडवायच्या आधीच बघा.

फवारणीच्या ड्रोनचं वजन

दहा लिटरची टाकी म्हणजे दहा किलो पाणी. उडताना जो ड्रोन जड होता तो टाकी संपल्यावर दहा किलोने हलका होतो. हलका ड्रोन वाऱ्याने जास्त हलतो, हे उतरवताना लक्षात ठेवा.

अर्धी भरलेली टाकी घेऊन उतरावं लागलं तर आणखी सावकाश. अर्धी कळशी कमरेवर घेऊन चालताना पाणी कसं डचमळतं ते आपल्याला माहीत आहे. ड्रोनला एकीकडे झटका दिला की टाकीतलं पाणी दुसरीकडे आदळतं आणि त्याला ओढून नेतं. म्हणून दांडीला झटके नकोत.

ड्रोनचे पाय, त्यांचे नटबोल्ट, घड्या पडणाऱ्या हातांच्या कड्या रोज सकाळी हाताने हलवून बघा. एक पाय ढिला असला की सपाट जागाही उतारासारखीच वागते.

उलटलाच तर

सगळी काळजी घेऊनही होऊ शकतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे पंखे बंद करणं. तुमच्या रिमोटवर तातडीने बंद करण्याची खूण कोणती आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि जमिनीवर, पाती काढून, तिचा सराव करा. पंखे थांबल्यावर जवळ जाऊन आधी बॅटरी काढा. बॅटरी फुगली असेल, पिचकली असेल, गरम लागत असेल किंवा वास येत असेल तर ती चार्ज करायची नाही. घरात न आणता मोकळ्या जागी, वाळूवर, लेकरांपासून लांब ठेवा. अशा बॅटरीला नंतरही आग लागू शकते.

टाकीतलं औषध सांडलं असेल तर हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. मग फोटो काढा आणि विमा असेल तर त्याच दिवशी कळवा. पात्याला केसाएवढा तडा असला तरी ते बदला. सगळे पंखे हाताने फिरवून बघा, एखादा अडखळत असेल तर तो ड्रोन उडवायचा नाही.

सराव छोट्या ड्रोनवर

आता आमचा अनुभव. मोठ्या ड्रोनवर चूक महाग पडते, म्हणून आम्ही सराव भाच्याच्या छोट्या ड्रोनवर केला. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. फवारणीच्या ड्रोनला लागतं, आणि त्यासाठी दहावी पास आणि वय १८ ते ६५ हवं. छोटा असला तरी विमानतळाजवळ, गर्दीवर, दुसऱ्याच्या अंगणावर मात्र नेऊ नका.

गावातल्या समाजमंदिरात दुपारी कुणी नसतं, तिथे आम्ही बसलो. पहिल्या दिवशी मी हौसेने रांगोळीचा चौकोन काढला. पंख्याच्या वाऱ्याने सगळी रांगोळी आमच्या डोळ्यांत. दुसऱ्या दिवसापासून खडूने काढायला लागलो. दोन हात लांब, दोन हात रुंद चौकोन. उडवायचा, डोक्याच्या वर थांबवायचा, सगळ्यांनी मिळून मोठ्याने पाच मोजायचे, मग उतरवायचा. चारही पाय चौकोनात आणि ड्रोन उभा, तर एक गुण. ओळीने दहा गुण मिळाले की तिने पटांगणात, वाऱ्यात उडवायचा. मध्ये एकदा जरी चुकलं तरी पुन्हा एकपासून.

माझे पहिले सहाच्या सहा उलटले. बाया हसून हसून लोळल्या. मीही हसले. पण त्या हसण्याचा एक उपयोग झाला. आमची ताई भिंतीशी बसून बघत होती, ती उठली आणि म्हणाली, "द्या इकडे, तुम्ही पाच मोजतच नाही." तिने ड्रोन वर नेला, थांबवला, पाच मोजले आणि चौकोनाच्या मधोमध ठेवला.

त्या दिवसानंतर आम्ही गटाच्या ठरावात चार गोष्टी लिहिल्या. उतरवायची जागा आधी ठरल्याशिवाय ड्रोन उडणार नाही. चालवणारीच्या सोबत नेहमी दुसरी बाई असेल आणि तीच मोठ्याने पाच मोजेल. विम्याची तारीख दर महिन्याच्या बैठकीत वाचली जाईल. आणि ड्रोन उलटला तर खर्च गटाचा, एकट्या बाईवर टाकायचा नाही. चौथ्या ठरावावर बरीच चर्चा झाली. काहींना वाटलं, अशाने कुणी काळजीच घेणार नाही. मी एवढंच विचारलं, "भरपाईच्या भीतीने जिचे हात थरथरतील, तिच्या हातून ड्रोन नीट उतरेल का?" ठराव मंजूर झाला.

या वर्षी ताई पुन्हा फवारणी करते आहे. नाल्याकडच्या त्याच शेतात गेली, पण आधी फावड्याने जागा सारखी केली, ताडपत्रीला खुंट्या मारल्या. तिची जाऊ शेजारी उभी राहून मोठ्याने मोजते, "एक, दोन, तीन, चार, पाच." बांधावर बघणारी माणसं अजूनही असतात. परवा त्यातल्याच एकाने विचारलं, आमच्या मुलीला हे शिकता येईल का.

तुमच्या गटात ड्रोन असेल तर या आठवड्याच्या बैठकीत खडूचा चौकोन काढून बघा. किती जणींना दहा गुण मिळाले ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.